घड्याळ कोणत्या हातात

१३ जुलै, रविवार

आईंसाठी घड्याळ आणलं आणि दोन तासांत ते परत डब्यात गेलं. (माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता आई म्हटलं की सासूबाईच.) गोळीची वेळ झाली की टीं-टीं वाजणारं, मोठ्या आकड्यांचं, गुलाबी पट्ट्याचं. लेकीची, पायलची पसंती. संध्याकाळी ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा आई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी आधी कुकरकडे पाहिलं, मग मोबाईलकडे, मग उठून दार उघडून आल्या. आपल्याच हातावर वाजतंय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "काढ बाई हे. विहारात वंदना सुरू असंन आन् हे वाजलं, तं भंतेजी म्हणतीन, शेवंताबाई, फोन उचला."

पायल हसून हसून लोळली. मी नाही हसले. मागच्या आठवड्यात नाश्ता झाल्यावर मी विचारलं होतं, गोळी घेतली का? त्यांना आठवेना. पुन्हा द्यावी तर भीती, न द्यावी तर भीती. बाबा, म्हणजे सासरे, गेल्या हिवाळ्यात गेले, तेव्हापासून आईंचं खाण्यापिण्याचं सगळं बिघडलं आणि मेमध्ये साखर निघाली. सकाळी नाश्त्याआधी एक गोळी, संध्याकाळी जेवणाआधी एक. एवढंच तर आहे. पण जगदीश सातच्या शिफ्टला रिछाईच्या कारखान्यात जातो, मी साडेसातला शाळेत, पायल कॉलेजला. सकाळी त्या एकट्या. गोळीही त्यांच्याच भरवशावर.

१५ जुलै, मंगळवार

सापडलं. इतकं सोपं की स्वतःचं कौतुक वाटतंय.

बाबांचं घड्याळ कपाटात पडून होतं. फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं, स्प्रिंगच्या चेनचं. ताणलं की मोठं होतं, सोडलं की मनगटाला बसतं. आईंच्या बोटांना बकल लावायचा त्रास नाही. नियम असा: सकाळची गोळी घेतली की घड्याळ डाव्या हातात घालायचं. संध्याकाळची घेतली की उजव्या हातात. म्हणजे डाव्या हातात असेल तर संध्याकाळची बाकी आहे, उजव्या हातात असेल तर सकाळची बाकी आहे. विचारायचं कोणाला काही नाही, आठवायचंही नाही. हात पाहायचा.

शाळेचं टाइमटेबल गेली सात-आठ वर्षं मी करते. एका बाईंना एकाच वेळी दोन वर्गांत पाठवलंय असं माझ्या हातून अजून झालेलं नाही. त्यामुळे हे मला जमायलाच हवं होतं.

आईंनी घड्याळ दोनदा या हातातून त्या हातात करून पाहिलं. बाबांचं आहे म्हणून आधी पदरानं पुसून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याईच्या हातात व्हतं तवा नुसतं टाइम सांगे. आता माह्यावर मुकादम झालं."

२४ जुलै, गुरुवार

नियम छान चालू आहे. मी शाळेतून आले की आधी आईंचा डावा हात पाहते. रात्री उजवा. त्याही आता मला पाहून न विचारताच हात वर करतात, वर्गातल्या मुलीसारखा.

आज अमावास्या. आषाढी पौर्णिमेपासून पावसाळ्याचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला, तेव्हापासून आई पौर्णिमेला नि अमावास्येला पांढरं पातळ नेसून विहारात जातात, दिवसभर तिथेच असतात. उपास करतात. पूर्वी कधी करत नव्हत्या. बाबा गेल्यावरच सुरू केलं. तिथे इतर बायकांमध्ये त्यांना बरं वाटतं, तर मला काय हरकत? साडेसातला परत आल्या. जेवण विहारात झालं म्हणाल्या आणि लगेच पडल्या.

घड्याळ बुद्धमूर्तीपुढे ठेवलेलं दिसलं. बाबांची आठवण येत असणार. मी हात लावला नाही.

२५ जुलै, शुक्रवार

शाळेतून आले तर शेजारच्या राधाबाई आमच्या पायरीवर आईंजवळ बसलेल्या. आई चपला उलटसुलट पायांत घालून अकराच्या सुमारास गेटबाहेर निघाल्या होत्या. राधाबाईंनी विचारलं, कुठे? तर म्हणाल्या, "साहेबाचा डबा राह्यला. फॅक्टरीत द्यायचा हाय."

राधाबाईंनी घरात आणून गोड चहा पाजला, तेव्हा थोड्या वेळानं ताळ्यावर आल्या. मी आले तेव्हा अगदी नेहमीसारख्या. डाव्या हातात घड्याळ. "सकाळची घेतली," म्हणाल्या, "घड्याळाच्या हिशेबानं."

जगदीशला सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "बाबा गेल्याचं उशिरा लागून राहिलं तिला." मलाही तसंच वाटतं. दुःखाला काही टाइमटेबल नसतं.

१० ऑगस्ट, रविवार

राखीला काल अंबरीशकडे गेले होते, पायलला घेऊन. भावानं रात्री ठेवून घेतलं. आमच्या माहेरचं घर भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इथे हिंदी मुलखात आलं ते इथलंच झालं. अंबरीशची मुलं तर मराठीत फक्त राखीचं ताट मागतात. वहिनीनं विचारलं, सासूबाई कशा आहेत? उपासतापास फार करतात का? मी म्हटलं, पौर्णिमा-अमावास्येला. तर म्हणाली, चांगलंच आहे, संध्याकाळी उपास सोडला की साखरेच्या माणसालाही सोसतो.

आज दुपारी परत आलो. जगदीशनं सकाळी खव्याची जलेबी आणि पोहे आणले होते. साखरेच्या माणसाला जलेबी. मी रागावले तर आई म्हणाल्या, "माह्या पोरानं आणली, एकच खाल्ली." कागदावर पाहून एक वाटत नव्हती. पण चेहरा टवटवीत होता. भांडले नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

काल अमावास्या, विहारातून आल्या तेव्हा ठणठणीत. आज पुन्हा. यावेळी माझ्या डोळ्यांसमोर.

मी स्वयंपाकघरात होते. पायल बाहेरून ओरडली, "मम्मी, आजी को कुछ हो रहा है. मेरेको मोनाली बोल रही है." मोनाली म्हणजे जगदीशची बहीण, नागपूरला असते. बाहेर आले तर आईंच्या कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि पायलला विचारत होत्या, "मोनाली, तुही वेणी कोनं घातली वं?" पायलचे केस कानापर्यंत कापलेले.

बसवलं, वारा घातला, चहा दिला. अर्ध्या तासानं सगळं जागेवर. त्यांना काही आठवत नव्हतं. पायल मात्र दिवसभर त्यांच्या अंगाला चिकटून बसली होती. संध्याकाळी म्हणाली, "मम्मी, वो मुझे भूल जाएँगी क्या?" मी तिला मराठीत बोल म्हणून रागावले. 

हा रोग विसरण्याचाच असेल तर माझ्या घड्याळाचा काय उपयोग?

८ सप्टेंबर, सोमवार

दवाखान्यातून आत्ता आलो. आई झोपल्यात. 

काल पौर्णिमा, विहार, सगळं नेहमीसारखं. आज दहाच्या सुमारास शाळेत राधाबाईंचा फोन आला. आई मोरीत पडल्या होत्या. कपाळाला खोक. दवाखान्यात नेलं तर साखर पन्नासच्या खाली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "गोली दो बार खाई होगी. बुज़ुर्ग लोग भूलकर दोबारा खा लेते हैं. गोळ्या यांच्या हातात ठेवू नका."

आई बिछान्यावरून म्हणाल्या, "म्या नाही इसरली. घड्याळ पाहूनच घेतल्या." डॉक्टरांनी हसून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. ते थोपटणं मला आवडलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

गोळ्यांची पाकिटं काढून पाहिली. जितक्या असायला हव्यात तितक्याच आहेत. एकही कमी नाही. दोनदा घेतली असती तर कमी पडली असती ना? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, कधी विसरल्या असतील, कधी दोनदा घेतली असेल, हिशेब बराबर. बोलणं पटण्यासारखंच आहे. म्हणजे विसरतच आहेत.

मोनालीचा फोन. रडली, मग जगदीशवर ओरडली. "दिवसभर एकटी ठेवता तुम्ही तिला." ती घरीच असते, तिचं घर मोठं, बरोबर खाली दवाखाना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येते म्हणाली. दीक्षाभूमीचा कार्यक्रम झाला की आईला तिथेच ठेवून घेईन. जगदीश "अच्छा, चलो, देखते हैं" म्हणाला. त्याचं 'देखते हैं' म्हणजे हो.

मी गोळ्यांची डबी माझ्या कपाटात ठेवली. संध्याकाळची गोळी हातावर ठेवली तर आईंनी ती घेतली, पण पाणी पिताना माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "क्षमा, म्या ह्या घरात तीस वर्स साऱ्याईच्या गोळ्या-औषधं पाह्यली. आता मले हातावर देऊन राह्यली तू."

मी डबी त्यांच्याकडे परत दिली. जगदीशला सांगितलेलं नाही. बरोबर केलं की चूक, ठाऊक नाही. दसऱ्यापर्यंत एकदाही काही झालं नाही तर मोनालीला अडवायला मला तोंड असेल. झालं तर, माझ्यामुळे झालेलं असेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या मॅडमनी बोलावून घेतलं. दुपारच्या विभागाची जबाबदारी घ्याल का, म्हणाल्या. उपमुख्याध्यापक म्हणून. इतकी वर्षं वाट पाहिली होती. पण मग मी घरी संध्याकाळी सातला येणार. घरी येऊन फोनवर नाही म्हणून टाकलं. आई समोरच बसून तांदूळ निवडत होत्या, म्हणून कारण फार सांगितलं नाही. घरी जमण्यासारखं नाही, एवढंच म्हटलं.

थोडा वेळ वाईट वाटलं. मग आमटीला फोडणी घातली.

१३ सप्टेंबर, शनिवार

आई आज सकाळी चहा घेता घेता म्हणाल्या, मी नागपूरले जाईन. मोनाली म्हणते तं जाऊन पाहतो.

मी काही म्हणायच्या आत त्यांनी पिशवी कोणती न्यायची ते विचारलं. जगदीशला हलकं वाटलं असावं. त्यानं निळी बॅग माळ्यावरून काढूनसुद्धा ठेवली.

शेवटी लेक ती लेक. मला राग यायला नको. लग्न झालं तेव्हा माझ्या घरचे पाच महिने बोलत नव्हते आणि याच बाईनं मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तुले तिखट चालते का? आमच्यात जरा जास्तच असते." एवढंच विचारलं. दुसरं काही कधीच नाही. त्या माझ्याजवळच राहतील असं मी गृहीत धरून बसले होते, ही माझी चूक.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या अमावास्या. सर्वपित्री. अंबरीशनं जेवायला बोलावलंय, पण मी त्याला नाही म्हणून कळवलं. उद्या दिवसभर आईंबरोबर विहारात जाणार आहे. मोनालीनं फोनवर विचारलं होतं, रस्त्यात चुकत तर नाही ना ती? तिथे नीट वागते का? पाहून सांगते म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्या विहारात कार्यक्रमाला गेले, खीर वाढायला गेले, पण दिवसभर कधी बसले नाही.

परवासाठी सुट्टीही टाकली. कारण आत्ता जुनी पानं चाळली. जे काही झालं ते विहारात कधी झालं नाही. विहाराच्या दुसऱ्या दिवशी झालं. थकवा येत असेल का?

आईंना सांगितलं, मी पण येते. "काहून?" म्हणाल्या. मी म्हटलं, सहज. त्या हसल्या नाहीत, पण पेटीतून स्वतःचं एक पांढरं पातळ काढून माझ्या पलंगावर ठेवलं. इस्त्री केलेलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी आईंनी गोळी घेतली, भाकरी खाल्ली, घड्याळ डाव्या हातात घातलं. विहारात पोचल्यावर पायरीवर बसून त्यांनी कानातल्या कुड्या काढल्या, काचेच्या दोन बांगड्या काढल्या आणि घड्याळही. सगळं रुमालात बांधलं. मी विचारलं तर राधाबाई म्हणाल्या, "अष्टशील घेतलं का आंगावर काही ठेवत नाई, ताई. तुम्ही बी काढा." मी माझ्या बांगड्या काढल्या. निघेनात. साबण लावावा लागला.

भंतेजींनी आठ शीलं दिली. मी आईंच्या मागे बसून म्हणत होते, जमेल तसं. साडेअकराला भोजनदान. बायकांनी घरून आणलेलं सगळं एकत्र करून वाढलं. आई पोटभर जेवल्या, मला आग्रह केला, "खाऊन घे, मंग नाही भेटत." मला वाटलं, भाजी संपेल म्हणून म्हणतायत.

दुपारभर तिथे बसून मी त्यांना पाहत होते. त्या काही विसरत नाहीत. गाथा चुकणाऱ्या दोघींना त्यांनी हळूच सांगितलं. कोणाच्या सुनेचं बाळंतपण कधी, कोणाचा मुलगा बरगीला बदलून गेला, सगळं तोंडपाठ. ध्यानाला बसल्या तेव्हा मात्र ओठ हलत होते. राधाबाई कानात म्हणाल्या, "दादाले पुण्य देऊन राह्यल्या." दादा म्हणजे आमचे बाबा.

साडेसातला घरी आलो. मी ताटं घेतली. म्हटलं, आई, चला, उपास सुटला, आधी गोळी घ्या. त्या म्हणाल्या, "सुटला कुठं? उद्या उजाडल्यावर."

मला कळेचना. मग त्यांनी मला बसवून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. हा उपास नव्हे, उपोसथ आहे. दुपारी बारानंतर काही खायचं नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. नुसतं पाणी. आणि विहारात जेवले असं त्या दर वेळी सांगत होत्या ते खरंच होतं. बाराच्या आत जेवल्या होत्या.

मी म्हटलं, आणि गोळी?

"गोळी जेवनाच्या आधीची ना? जेवनच नाही तं गोळी कायची?"

बोलणं शहाणपणाचंच. मी आमच्या घरातल्या चतुर्थीसारखा, एकादशीसारखा उपास मनात धरून बसले होते. दिवसभर साबुदाणा, संध्याकाळी पान वाढायचं. कधी विचारलं नाही. त्यांनाही वाटलं असणार, हिला माहीत आहे.

घड्याळ त्यांनी बुद्धमूर्तीपुढे ठेवलं. मला आता निदान एवढं कळलंय की एक गोळी राहते. पण डॉक्टर म्हणाले दोनदा घेतली, राहिली असं नाही म्हणाले. सकाळी पाहते. जगदीश म्हणाला, तू पण नाही जेवली? तेव्हा लक्षात आलं. मग राहूच दिलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सहाला मी चहाचा कप घेऊन आईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले, आत गेले नाही.

त्या उठल्या, तोंड धुतलं, वंदना केली. मूर्तीपुढचं घड्याळ उचललं आणि डाव्या हातात घातलं. काल सकाळी काढलं तेव्हा डाव्यातच होतं, म्हणून पुन्हा डाव्यातच. हात समोर धरून पाहिलं. मग डबीतून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली, आणि घड्याळ उजव्या हातात केलं. पुन्हा हात पाहिला. दुसरी गोळी काढली.

मी धावत जाऊन हात धरला. चहा सांडला, त्यांच्या पातळावर, माझ्या पायावर.

"आई, दुसरी कशाला?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. घाबरल्या नव्हत्या, मीच घाबरले होते. "तूच तं सांगितलं," म्हणाल्या. "डाव्या हातात असंन तं संध्याकाळची बाकी. ते घेतली, उजव्यात केलं. आता उजव्यात हाय, तं सकाळची बाकी. मंग ते नको घेऊ?"

मी खालीच बसले. बारा वाजल्यापासून रिकाम्या पोटी, आणि वर लागोपाठ दोन गोळ्या. दर वेळी असंच. त्या एकदाही विसरल्या नाहीत. मी घालून दिलेला नियम त्यांनी माझ्याहून नीट पाळला. राखीच्या पौर्णिमेनंतर ज्या दिवशी पोह्यांबरोबर जलेबी होती त्या दिवशी वाचल्या आणि मी जलेबीवरून भांडायला निघाले होते.

मी रडायला लागले. त्या मला थोपटत म्हणाल्या, "अवो पण झालं काय? सांग तं." सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माह्यं डोस्कं गेलं नाही?"

"नाही, आई."

"नक्की?"

नक्की म्हटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. इतके दिवस त्या किती भ्यायल्या असतील, ते मला आज कळलं. चपलांचं ऐकलं होतं त्यांनी, वेणीचं ऐकलं होतं. घरात कोणी त्यांच्यासमोर काही म्हणत नव्हतं, म्हणजे काय ते त्यांना कळत होतं.

मग पोळी-भाजी खायला घातली आणि अकरापर्यंत जवळून हलले नाही. त्या कंटाळून म्हणाल्या, "आता काय नाकाले सूत लावतं का?"

२३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर आधी आईंवर चिडले, मग माझ्यावर, मग शांत झाले. ती गोळी बंद. दुसरी दिली, दिवसातून एकदा, सकाळी. हिच्यानं साखर अशी खाली जात नाही म्हणाले. उपाशी राहणं त्यांना पसंत नाही. आई म्हणाल्या, आणखी एक पौर्णिमा आहे, वर्षावास पुरा होतो, मग तुम्ही म्हणाल तसं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि अट घातली: चक्कर वाटली तर ताबडतोब गोड घ्यायचं, बारा वाजले की एक वाजला ते पाहायचं नाही.

येताना भंतेजींना विचारून आलो. आजाऱ्याला गूळ-मध चालतो, दुपारनंतरही. पूर्वीपासूनचं आहे, शेवंताबाई, तुम्ही विचारलंच नाही, म्हणाले. घड्याळ काढायचं की नाही, तेही आईंनी विचारलं. ते म्हणाले, शोभेसाठी घातलं असेल तर काढा.

जगदीशला सगळं सांगितलं, डबी परत दिल्याचंसुद्धा. तो रागावेल असं वाटलं होतं. तो आईच्या खोलीत गेला आणि तिच्या पायाशी बसून तिच्या टाचांना तेल चोळत राहिला. 

२८ सप्टेंबर, रविवार

सगळं ठीक. निळी बॅग भरून कोपऱ्यात आहे. आईंनी स्वतःच भरली. मी मोनालीला फोनवर सांगितलं, काय झालं होतं ते. ती म्हणाली, "वहिनी, ठीक आहे, पण पुन्हा दुसरं काही झालं तं? दिवसभर कोण आहे तिथं?" खोटं नाही बोलत ती. आईसुद्धा जाणार नाही असं म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. विचारून 'जाते' म्हणाल्या असत्या तर ते मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

मोनालीनं तिलवाऱ्याच्या पुलावरून फोन केला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. अर्ध्या तासात दारात गाडी. आल्या आल्या आईच्या कपाळावरची खूण पाहून रडली, मग माझ्या गळ्यात पडली, मग म्हणाली भूक लागली. अगदी आईंवर गेली आहे.

जेवण झाल्यावर जगदीशनं निळी बॅग उचलली. आई म्हणाल्या, ठेव खाली. मग मला हाक मारली. मी हात पुसत बाहेर आले.

"तुह्या शाळेचं ते काम," त्या म्हणाल्या, "दुपारचं. कोनाले देल्लं का बाईनं?"

मी म्हटलं, अजून नाही बहुतेक. पण त्याचं आत्ता काय?

"फोन कर. घेतो म्हन."

जगदीशनं माझ्याकडे पाहिलं. त्याला मी हे सांगितलंच नव्हतं. मोनाली म्हणाली, "आई, ते नंतर. आपल्याले दिवसाउजेडी निघायचं आहे."

"मी उद्या दीक्षाभूमीले येईन," आई म्हणाल्या, "आन् परवा जगदीशसंग वापस. माह्यामुळं हिनं काम सोडलं म्हनून मी जात व्हती. माह्यं डोस्कं शाबूत आहे, तं आता काहून जाऊ?"

मोनालीचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्याकडे तुला चांगलं नाही वाटत? मी सांभाळणार नाही का तुला?"

आईंनी तिला जवळ ओढलं. तिच्या केसांवरून हात फिरवत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तू सांभाळशीन माय, मले ठाऊक हाय. पण हे क्षमा मले सांभाळत नाही. हे माह्यासंग राह्यते."

 मी कपडे काढून आणते म्हणून मागच्या अंगणात गेले. दोरीवरचे कपडे ओलेच होते, सकाळी उशिरा वाळत घातले होते. तरी सगळे काढले, एकेक करून, आणि तसेच कवेत घेऊन जरा वेळ तिथे उभी राहिले.